पाच वॉटचा हिशेब

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी चढत होते, तेव्हा माझ्या घरात शंभर वॉटचा हौशी रेडिओ होता, सरकारी परवाना होता आणि बारा वर्षांचा सराव होता. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली होता आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यांवर. वीज पहिल्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंजही गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी विचारले, "तुमच्या त्या रेडिओवरून कुणाला सांगता येईल का? ह्यांचं इन्सुलिन उद्यापुरतंच आहे."

मी रेडिओ इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडला. सात मेगाहर्ट्झवर पुण्यातल्या एका परिचित मित्राचा आवाज स्पष्ट येत होता. माइकचे बटण दाबून मी बोलायला सुरुवात केली आणि रेडिओ बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बोललो, पुन्हा बंद. दोन दिवस त्याच बॅटरीवर इमारतीतले दिवे आणि सगळ्यांचे मोबाइल चालले होते. ऐकण्यापुरती वीज तिच्यात शिल्लक होती, बोलण्यापुरती नव्हती. तासभर मी फक्त ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली आणि इन्सुलिनही मिळाले. त्यात माझा काहीही वाटा नव्हता.

पुढची पाच वर्षे मी फावल्या वेळात जो अभ्यास केला, त्याचे मूळ त्या सकाळीत आहे. प्रश्न साधा होता. बोलायला नेमकी किती वीज लागते?

शक्ती कमी करू का?

हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या यंत्रणेवरून, मधल्या कुठल्याही कंपनीच्या जाळ्याशिवाय, जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलण्याचा छंद. आपल्याकडे त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. उत्तीर्ण झाले की संकेतनाम मिळते. बहुतेक भारतीय संकेतनामे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात.

तारायंत्राच्या काळापासून रेडिओवाल्यांनी लांबलचक वाक्यांसाठी तीन अक्षरांच्या खुणा ठरवल्या आहेत. त्यांतली एक 'क्यूआरपी'. तिचा अर्थ 'शक्ती कमी करा', आणि पुढे प्रश्नचिन्ह लावले तर 'शक्ती कमी करू का?'. पुढे ही खूण एका पंथाचेच नाव झाली. इंग्लंडमधले एक पाद्री जॉर्ज डॉब्ज यांनी १९७४ साली कमी शक्तीवाल्यांचा क्लब काढला आणि घरी बनवलेल्या छोट्या यंत्रांचा प्रसार आयुष्यभर केला. मॉर्ससाठी आता मर्यादा सर्वमान्य आहे: जास्तीत जास्त पाच वॉट. देवघरातल्या रात्रीच्या छोट्या दिव्याला साधारण एवढीच वीज लागते.

या मंडळींचा कस लागतो तो स्पर्धांमध्ये. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही मॉर्सची जागतिक स्पर्धा होते. ४८ तासांत जास्तीत जास्त देश आणि विभाग गाठायचे. प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी द्यायच्या: आवाज कसा येतो त्याचा आकडा आणि आपला विभाग. भारताचा विभाग २२. दुसऱ्या खंडाशी संपर्क झाला तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाला तर एक, आणि स्वतःच्या देशाशी झाला तर शून्य. या शून्याकडे मी पुढे येणार आहे. पाच वॉटवाल्यांचा गट वेगळा असतो.

मला ही स्पर्धा प्रयोगशाळेसारखी वाटते. स्पर्धेनंतर प्रत्येकाची नोंदवही संगणकाने दुसऱ्याच्या नोंदवहीशी ताडून पाहतात. मी फिनलंडशी बोललो असे लिहिले आणि त्या फिनलंडवाल्याच्या वहीत माझे संकेतनाम नसेल, तर संपर्क बाद होतो आणि वर गुणही कापले जातात. 'मला वाटते माझा आवाज पोचला' हे इथे चालत नाही. पोचला की नाही, ते समोरचा सांगतो.

तेरा डेसिबल

शंभर वॉटवरून पाच वॉटवर येणे म्हणजे शक्तीचा विसावा भाग उरणे. ऐकणाऱ्याला मात्र आवाज विसावा भाग झाल्यासारखा वाटत नाही. रेडिओत शक्तीचे माप डेसिबलमध्ये धरतात आणि विसाव्या भागाचा फरक तिथे १३ डेसिबल होतो. रेडिओच्या काट्यावरचा एक घर म्हणजे ६ डेसिबल. म्हणजे काटा जेमतेम दोन घरे खाली येतो. जो संदेश आठव्या घरावर येत होता तो सहाव्यावर येईल आणि तरीही व्यवस्थित वाचता येईल. अडचण येते ती आधीच काठावर असलेल्या संदेशाची. तो गोंगाटात बुडतो.

मग हे १३ डेसिबल दुसरीकडून भरून काढता येतात का? पहिली भरपाई मॉर्सची. बोलण्यासाठी ग्राहकाला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदीची खिडकी उघडी ठेवावी लागते. मॉर्सच्या एकाच सुराला २५० हर्ट्झची पुरते. खिडकी दहावा भाग झाली की आत येणारा गोंगाटही दहावा भाग होतो. ही १० डेसिबलची कमाई आहे. कागदावर तरी पाच वॉटचा मॉर्स हा पन्नास वॉटच्या बोलण्याच्या तोडीचा ठरतो.

दुसरी भरपाई जागेची. शहरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर ही सगळी उपकरणे रेडिओलहरींचा कचरा करतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रांनुसार १४ मेगाहर्ट्झवर निवासी वस्ती आणि शांत ग्रामीण भाग यांच्या गोंगाटात साधारण २० डेसिबलचा फरक पडतो. इथे एक गफलत टाळली पाहिजे. शांत माळावर बसल्याने मला इतरांचे चांगले ऐकू येते, पण माझा आवाज त्यामुळे मोठा होत नाही. तो समोरच्याच्या गोंगाटातूनच वर यायला हवा.

हे पूर्वीच्या लोकांनी ओळखले होते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशींचे संदेश अटलांटिकपार ऐकू येतात का, हे पाहायला पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला गेले. समुद्राकाठी तंबू ठोकून, शेकडो फूट लांब तार जमिनीलगत ओढून, थंडीपावसात ते बसले आणि त्यांनी ते संदेश टिपले. पलीकडच्यांनी शक्ती लावली होतीच, पण जागेची आणि तारेची निवडही तितकीच कामी आली.

माळावर

माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. बागेच्या वर मोकळा माळ आहे. जिल्हा एकच, पण सांगलीला पूर येतो तेव्हाही इकडे टँकरची चौकशी चाललेली असते. २०२४ च्या स्पर्धेसाठी परवान्यातल्या अटींची पूर्तता करून मी आणि पुतण्या तिथे गेलो. आदल्या संध्याकाळी दोन वेळू सुतळीने एकमेकांना बांधून आठ मीटरचा खांब केला. वीस मीटर तीस सेंटिमीटर तांब्याची तार त्याच्या टोकावरून ओढून दूरच्या बाभळीला बांधली. सात मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर. तार तिच्या निम्मी. तिच्या एका टोकाला साबणाच्या डबीत बसवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, फेराइटच्या कड्यावर दोन वेढे आणि चौदा वेढे. अशी तार ७, १४, २१ आणि २८ या चारही पट्ट्यांवर चालते. बारा अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, तळहाताएवढा रेडिओ, मॉर्सची कळ आणि हेडफोन. सगळे मिळून एका दप्तरात.

रात्री रेडिओ लावला तर दर सेकंदाला 'टक्' असा आवाज. सात मेगाहर्ट्झवर टक्, चौदावर टक्. मी सगळ्या जोडण्या तपासल्या. पुतण्या कानाला हेडफोन लावून म्हणाला, "काका, ही झटका मशीन हाय. खालच्या मक्यात बसवलीया, डुकरांसाठी." कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा झटका सोडणारे यंत्र. तारेला गवत लागले की तिथे ठिणगी पडते आणि ठिणगी म्हणजे रेडिओचा जुना प्रक्षेपकच. मक्याचे मालक भला माणूस. पुतण्याने जाऊन तारेला लागलेले गवत काढले आणि टक् थांबली.

दोन दिवस

स्पर्धा जागतिक वेळेने शनिवारी शून्य वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते. तारीख २३ नोव्हेंबर, विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. गावात सगळे टीव्हीसमोर. आम्ही माळावर दवाने ओल्या झालेल्या कांबळ्यात.

सूर्य उगवायच्या आधी सात मेगाहर्ट्झवर युरोप दणक्यात येत होता. मी एकेकाला हाक मारत होतो आणि कोणीच माझ्याकडे लक्ष देत नव्हते. तासाभरात चार संपर्क. त्या वेळी मी वैतागलो. कारण मात्र सरळ होते. अँटेना दूर पोचायची तर लहर क्षितिजाकडे तिरपी सुटायला हवी आणि त्यासाठी आडवी तार लहरीच्या लांबीच्या मानाने उंच हवी. ४२ मीटरच्या लहरीला आठ मीटरचा खांब म्हणजे जेमतेम पाचवा भाग. बहुतेक शक्ती सरळ आभाळाकडे जात होती.

ऊन पडल्यावर २१ आणि २८ वर गेलो आणि चित्र पालटले. २८ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम पावणेअकरा मीटरची. तिच्या मानाने तोच खांब पाऊण लहर उंच. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांचे थर असतात. खालचा थर दिवसा लहरी शोषतो, पण वारंवारता वाढेल तसे हे शोषण झपाट्याने कमी होते. अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरचा वरचा थर त्या लहरी वळवून परत जमिनीकडे पाठवतो. एका उडीत चार हजार किलोमीटरपर्यंत. २८ मेगाहर्ट्झची लहर वळवण्याइतका हा थर दाट होतो तो मुख्यतः सूर्यावर डाग भरपूर असताना. डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे आणि २०२४ हे त्याच्या भराचे वर्ष. सकाळी जपान, दुपारनंतर दोन उड्यांत युरोप. पहिल्या-दुसऱ्या हाकेत उत्तर येत होते. रेडिओ तोच, तार तीच, पाच वॉट तेच.

कमी शक्तीवाल्याने स्वतः 'कोणी आहे का' अशी हाक देत बसू नये; दुसऱ्याची हाक ऐकून, त्याच्याभोवतीची गर्दी क्षणभर ओसरली की आपले नाव टाकावे. शनिवारी ही गर्दी प्रचंड असते. रविवारी दुपारी मोठी स्टेशने सगळ्या मोठ्या आवाजांशी बोलून झालेली असतात आणि नव्या संपर्कासाठी भुकेलेली असतात. तेव्हा ती कान देऊन ऐकतात. माझ्या एकूण १८७ संपर्कांपैकी एक तृतीयांश रविवारच्या तीन तासांतले आहेत. बाजार उठायच्या वेळी जसा भाव मिळतो, तसे.

एक संपर्क सांगतो. रविवारी संध्याकाळी २१ मेगाहर्ट्झवर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक स्टेशन ऐकू आले. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. मी सातव्यांदा हाक मारली तेव्हा त्याने 'व्हीयू?' एवढेच पाठवले. म्हणजे भारतातले कोणीतरी आहे, एवढे त्याला कळले होते. बाकीचे सगळे गप्प बसवून त्याने मला पुन्हा पाठवायला सांगितले. वेगही निम्म्यावर आणला. संकेतनाम परत आले, पण शेवटचे अक्षर चुकीचे. तसेच सोडून दिले असते तरी त्या क्षणी संपर्क झाल्यासारखा वाटला असता. मी दुरुस्ती तीनदा पाठवली. तिसऱ्यांदा बरोबर आले. त्याचा एक मिनिट गेला. तेवढ्यात त्याचे तीन-चार संपर्क झाले असते. पाच वॉटची उरलेली भरपाई अशी समोरचा माणूस करतो, त्याच्या मोठ्या अँटेनाने आणि त्याहून त्याच्या संयमाने. आणि अक्षर बरोबर येईपर्यंत न सोडण्याची सवय ही काही गुणांपुरती नाही. पुरात चुकीचा घरक्रमांक पोचला, तर बोट भलत्याच दारात जाते.

शून्य गुणांचा संपर्क

आता त्या शून्याकडे येतो. जपान, फिनलंड, अमेरिका ठीक. पण पुरात मला बोलायचे होते पुण्याशी. सांगलीहून पुणे हवाई अंतराने सुमारे २०० किलोमीटर. या माळावरूनही तेवढेच. युरोप गाठणारी २८ मेगाहर्ट्झची लहर पुण्याच्या डोक्यावरून निघून जाते. स्पर्धेतले यश आणि संकटातला उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आधी नीट उमगले नव्हते.

पुण्याच्या त्याच मित्राशी मी रविवारी दुपारी बाराची वेळ ठरवली होती. सात मेगाहर्ट्झवर, त्याच तारेने, त्याच पाच वॉटने मॉर्समध्ये हाक मारली. पहिल्याच हाकेला उत्तर आले. पहाटे ज्या दोषामुळे युरोप माझे ऐकत नव्हता, तोच दोष इथे कामाला आला. ठेंगण्या खांबावरची तार शक्ती सरळ वर फेकत होती, आयनांचा थर ती पावसासारखी खाली सोडत होता, आणि खाली दोनशे किलोमीटरच्या घेरात ती सगळीकडे पडत होती. मधले डोंगर आड येण्याचा प्रश्नच नव्हता. पुरात माझी तार गच्चीवरच्या नळाला बांधलेली होती. मी तिला तेव्हा नावे ठेवली होती. ती तार योग्यच होती.

मग माइक घेऊन बोलून पाहिले. हा निकालही सांगायला हवा: मित्राला माझे बोलणे अर्धेमुर्धे कळले. त्याच्या बाजूला शहराचा गोंगाट होता. 'इन्सुलिन' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तो चार वेळा सांगावा लागला. मॉर्समध्ये पूर्ण संदेश एका दमात गेला. तेव्हा पाच वॉट आणि माइक यांवर सगळा भरवसा ठेवावा असे मी म्हणणार नाही. पंचवीस वॉट असते, तर बोलणे ७ डेसिबलने वर आले असते. ते बहुधा पुरले असते.

बॅटरीचा आकडा

दोन दिवसांत मी एकूण १९ तास बसलो. खर्च झाली सुमारे साडेआठ अँपिअर-तास. माझा छोटा रेडिओ ऐकताना ०.३ अँपिअर घेतो आणि पाठवताना १.२. घरचा शंभर वॉटचा रेडिओ ऐकताना एक अँपिअर आणि पाठवताना वीस अँपिअर घेतो. त्याच चालीने १९ तास बसलो असतो, तर सत्तरच्या वर अँपिअर-तास लागले असते. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर वीस अँपिअरचा भार पडला की व्होल्ट कोसळतात आणि रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. सांगलीत झाले ते हेच.

आणि आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला पाच वर्षे लागली. त्या शंभर वॉटच्या रेडिओला शक्ती कमी-जास्त करायचे बटण आहे. ते दहावर आणले असते तर त्याने वीसऐवजी पाच-सहा अँपिअर घेतले असते. बॅटरीने तेवढे बहुधा दिले असते. मॉर्सची कळही कपाटात होती आणि पुण्याच्या मित्राला मॉर्स येते. रेडिओ पाच-सहा वेळा बंद पडला, तरी ते बटण फिरवायचे मला सुचले नाही. संकटात माणूस जास्त जोर लावतो. कमी लावून पाहावे हे डोक्यात येत नाही. 'शक्ती कमी करू का?' हा प्रश्न ज्या छंदाच्या शब्दकोशातच आहे, त्या छंदात बारा वर्षे काढलेल्या माणसालाही तो पडला नाही.

म्हणून मी माळावर जातो. तिथे हा प्रश्न विचारावाच लागत नाही. उत्तर आधीच बांधून घेतलेले असते. उरलेल्या गोष्टींवर, म्हणजे तार, वेळ, कान आणि धीर यांवर, काम चालवायची सवय हाताला लागते.

आता दर जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी, मी लिथियमची बॅटरी पूर्ण भरतो, तार गच्चीवर बांधून बघतो आणि दुपारी बाराला पुण्याला पाच वॉटवर हाक देतो. मोठ्या रेडिओच्या बटणाशेजारी मी लाल पट्टी चिकटवली आहे, दहाच्या खुणेपाशी. शेजारच्या काकूंना ती दाखवून ठेवली आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वेळूंना नवी सुतळी आणायची वेळ झालेली असेल. यंदाची स्पर्धाही नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवारी, पहाटे साडेपाचला. झटका मशीनच्या तारेखालचे गवत पुतण्या आदल्या दिवशीच काढणार आहे.